टेनिसमधील पवित्रा आणि तोल



टेनिसचा खेळ पाहणाऱ्याची दृष्टि सहजच खेळाडूच्या हाताकडे जाते. हा खेळ हाताचा, असा ग्रह होणें स्वाभाविकही आहे. घरांतील मुलगा किंवा मुलगी टेनिस शिकूं लागली म्हणजे आपण प्रथम चांगल्या रॅकेटची चौकशी करतों ती यामुळेंच. परंतु रॅकेट व चेंडू यांचा संयोग सेकंदाच्या सुमारें दोनशेव्या भागापुरताच टिकतो. तेवढ्या अवकाशांत हाताला नवें असें कांहींच करतां येत नाहीं. पाय कोठें पडले होते आणि शरीराचा भार कोणत्या बाजूस होता, यावर त्या फटक्याचें भवितव्य आधींच बरेंचसें ठरून गेलेलें असतें.

तोल म्हणजे काय, तें प्रथम पाहूं. सर्व शरीराचा भार ज्या बिंदूंत एकवटल्यासारखा असतो, त्यास गुरुत्वमध्य म्हणतात. उभ्या मनुष्याच्या शरीरांत हा बिंदु साधारणतः बेंबीच्या किंचित् खालीं येतो. तेथून सोडलेला ओळंबा दोन्ही पावलांनीं व्यापलेल्या जागेंत पडतो तोंवर उभा मनुष्य स्थिर राहतो. म्हणून पावलें थोडीं फांकलीं म्हणजे आधार रुंद होतो, व गुडघे वांकले म्हणजे भार खालीं येतो. दोहोंनीं तोल सांवरणें सोपें जातें.

मी शिक्षकाचा व्यवसाय केला. ‘ताठ उभे राहा’ हे शब्द मीं वर्गांत किती वेळां उच्चारले असतील, याची गणती नाहीं. वर्गांत व कवाइतींत तो हुकूम योग्यच होय. टेनिसच्या मैदानावर मात्र ताठपणा हा तोलाचा शत्रु आहे. गुडघे ताठ असले म्हणजे धांवण्यापूर्वीं ते वांकवावे लागतात, आणि तेवढ्यांत चेंडू निघून जातो. आट्यापाट्यांत पाटीवर उभा असलेला गडी आठवा. त्याच्या टाचा हलक्या आणि गुडघे सैल असतात. कोणत्याही बाजूस झेंप घेण्याची त्याची तयारी असते. अशा सावध स्थिरतेलाच आपल्या आखाड्यांत पवित्रा म्हणतात.

टेनिसचा पवित्राही असाच आहे. पावलें खांद्यांच्या रुंदीहून किंचित् अधिक दूर, भार चवड्यांवर, धड कंबरेंतून अल्पसें पुढें, पण पाठीला कुबड नाहीं. रॅकेट शरीरासमोर धरावी व मोकळ्या हातानें तिच्या मानेस हलका आधार द्यावा. प्रतिपक्षी चेंडू मारतो त्या सुमारास एक लहानशी उडी घेऊन दोन्ही चवड्यांवर उतरावें. हिलाच ‘स्प्लिट स्टेप’ म्हणतात. उतरतांना मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायु ताणले जातात आणि स्प्रिंगप्रमाणें पुढच्या पावलाला जोर देतात.

एकेरी खेळाचें मैदान २७ फूट रुंद असतें. म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंस साडेतेरा फूटच. प्रथम मोठ्या ढांगा टाकाव्या, पण चेंडूजवळ येतांना पावलें लहान करावींत. चेंडू शरीराच्या पुढें असतांनाच मारावा. शक्ति जमिनीकडून पायांत, तेथून कंबरेंत, खांद्यांत आणि शेवटीं हातांत येते. चेंडू मागें राहिला तर ही सांखळी तुटते, व सारें काम मनगटाला करावें लागतें. वारंवार असें घडलें म्हणजे कोपराच्या बाहेरील बाजूस ती चिवट वेदना सुरू होऊं शकते, जिला ‘टेनिस एल्बो’ हें नांव पडलें आहे.

मस्तकाचें महत्त्वही ध्यानांत ठेवावें. तोलाची वार्ता मेंदूला तीन वाटांनीं पोंचते: डोळे, कानाच्या आंतील भाग, आणि पायांचे स्नायु व सांधे. पैकीं दोन वाटा मस्तकांतच आहेत. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन येणारी स्त्री पाहा. पाय चालतात, कंबर हालते, मस्तक मात्र स्थिर! रॉजर फेडरर चेंडू मारतांना मस्तक असेंच निश्चल ठेवीत, व फटका संपेपर्यंत दृष्टि उचलीत नसत.

ऑस्ट्रेलियाचे केन रोझवॉल यांची उंची अवघी ५ फूट ७ इंच. सर्व्हिसही फारशी जोरकस नव्हती. तरी १९७२ सालीं, वयाच्या ३७ व्या वर्षीं, त्यांनीं ऑस्ट्रेलियन विजेतेपद मिळविलें, आणि १९७४ सालीं ३९ व्या वर्षीं विंबल्डन व अमेरिकन या दोन्ही स्पर्धांची अंतिम फेरी गांठली. चपळ पावलें आणि न ढळणारा तोल हें त्यांचें मुख्य भांडवल होतें.

घरीं करण्याजोगे तीन अभ्यास सांगतों. पहिला, भिंतीजवळ एका पायावर तीस अंक मोजेपर्यंत उभें राहणें, मग पाय बदलणें. दुसरा, चेंडूशिवाय रॅकेट फिरवून शेवटच्या स्थितींत तीन अंक थांबणें. थांबतां आलें नाहीं तर तोल सुटला, असें समजावें. तिसरा, रॅकेट न घेतां, कोणी टाकलेला चेंडू एक टप्पा पडल्यावर शरीरासमोर कंबरेच्या उंचीवर झेलणें. हातानें झेलण्यासाठीं जेथें जावें लागतें, फटक्यासाठींही तेथेंच जावें लागतें.

यांतील पहिला अभ्यास टेनिस न खेळणाऱ्या वडील मंडळींनींही, आधार हाताशीं ठेवून, अवश्य करावा. उतारवयांत पडण्याचें भय सर्वांनाच असतें, आणि तोल हा सरावानें टिकणारा गुण आहे. मुलांसाठीं रॅकेट जरूर आणा. पण ती हातीं देण्यापूर्वीं त्यांचे पाय कसे पडतात, तें एकदां पाहा.