खारपाणपट्टा शोधून दाखवा

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचे पाणी तोंडात धरवत नसले, तरी त्यावरचे लिखाण मुबलक आहे. मृदाशास्त्रज्ञांनी तिथल्या काळ्या मातीतले सोडियम मोजले, भूजलवाल्यांनी विहिरी तपासल्या, जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातली ९३२ गावे मुद्दाम धरली गेली. हे सगळे कागदोपत्री आहे. फक्त एका जागी नाही.

समजा, अमरावतीत पीएच.डी.ला नाव नोंदवलेल्या एका विद्यार्थिनीला यातले शक्य तितके वाचायचे आहे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १९८३ चे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीपासून अशा विद्यापीठांचे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'त जातात. शंभरेक किलोमीटरवरचे अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ चे, पण ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या व्यवस्थेत बसते. त्या व्यवस्थेतल्या प्रबंधांचे कोठार म्हणजे दिल्लीहून चालणारे 'कृषिकोश'. म्हणजे एकाच शेतातल्या मातीचे रसायन दिल्लीच्या कोठारात आणि त्या शेताचे अर्थकारण गांधीनगरच्या. याशिवाय ग्रंथालयाचा स्वतःचा ओपॅक, म्हणजे संगणकावरची पुस्तकसूची, जुनी गॅझेटिअर, कृषी विभागाच्या 'शेतकरी' मासिकाचे अंक आणि परदेशी प्रकाशकांची नियतकालिके. प्रत्येकाची शोधखिडकी वेगळी, आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही.

१ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही एकत्रित वर्गणीची सरकारी योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके. सरकारी अखत्यारीतल्या साडेसहा हजारांच्या आसपास संस्थांना हे खुले झाले. त्यामुळे 'आमच्याकडे काही येतच नाही' ही ग्रंथपालांची जुनी तक्रार बऱ्याच अंशी सरली. आता अडचण आलेले सापडण्याची आहे. म्हणूनच विद्यापीठांच्या ग्रंथालयांत एकत्रित शोधप्रणालीची, जिला ग्रंथपाल 'डिस्कव्हरी' म्हणतात तिची, चर्चा वाढणार आणि विक्रेतेही दारात येणार. त्यांनी आणलेले यंत्र आतून कसे चालते हे घेणाऱ्याला ठाऊक हवे.

या कामाचा पहिला प्रयत्न 'फेडरेटेड सर्च'चा होता. तुम्ही शब्द टाकला की प्रणाली तो त्याच क्षणी दहा-वीस डेटाबेसना पाठवी आणि येतील तशी उत्तरे गोळा करी. शेवटचा पाहुणा जेवल्याशिवाय पंगत उठत नाही, तसे सर्वांत संथ डेटाबेसपाशी सगळे अडकत. त्याहून मोठी खोट अशी की प्रत्येक डेटाबेस आपापल्या हिशेबाने पहिली वीस-तीस उत्तरे धाडी, आणि या उत्तरांतले कोणते वर लावायचे याला सामाईक माप नसे.

२००९ मध्ये 'समन' आणि पुढच्या वर्षी 'एब्स्को डिस्कव्हरी सर्व्हिस' आली तेव्हा क्रम उलटा झाला. आधी सगळीकडच्या नोंदी गोळा करून एक मोठी सूची बांधून ठेवायची आणि वाचकाचा प्रश्न फक्त तिलाच विचारायचा. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तशीच ही: प्रत्येक शब्दासमोर तो ज्या ज्या नोंदीत आला त्यांचे क्रमांक. कोट्यवधी नोंदींतून उत्तर सेकंदाच्या आत येते ते यामुळे. गोळा करण्याचीही रीत ठरलेली आहे. ओएआय-पीएमएच नावाच्या नियमांनुसार एक संगणक दुसऱ्याला विचारतो, 'गेल्या वेळेनंतर नवीन काय आले?' आणि दुसरा नोंदींची पाने पाठवत राहतो. शोधगंगा आणि कृषिकोश दोन्ही डीस्पेस या एकाच मुक्त सॉफ्टवेअरवर उभी आहेत आणि डीस्पेसला ही भाषा येते. दिल्ली आणि गांधीनगरची गाठ अमरावतीत बांधणे तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही.

मग वर काय लावायचे हे कोण ठरवते? केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेली कल्पना आजही बहुतेक शोधयंत्रांच्या पायात आहे: जो शब्द थोड्याच नोंदींत येतो त्याचे वजन जास्त, जो सगळीकडे येतो त्याचे कमी. कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयात 'कापूस' हा शब्द जवळपास निरुपयोगी, कारण तो पानोपानी आहे. 'खारपाण' मात्र सोन्याच्या मोलाचा. संत साहित्याच्या ग्रंथालयात 'कापूस'ही मोलाचा ठरेल.

पण वजन करायला शब्द तर नोंदीत हवा. खरी मेख इथे आहे. परदेशी नियतकालिकातल्या लेखाचा सारांश, विषयशब्द, अनेकदा पूर्ण मजकूरही सूचीत असतो. आपल्या १९८५ च्या टंकलिखित प्रबंधाची नोंद काय असते? शीर्षक, नाव, मार्गदर्शक, वर्ष, दाखल क्रमांक. शीर्षक इंग्रजीत, तेही 'पूर्णा व्हॅलीतील क्षारबाधित व्हर्टिसॉल्स' अशा थाटाचे. 'खारपाणपट्टा' हा शब्द त्या नोंदीत नाहीच. मग लाखो रुपयांची प्रणाली घेऊनही ऑस्ट्रेलियातल्या खारट जमिनीवरचे लेख आधी दिसतात आणि अकोल्याचा प्रबंध दिसतच नाही. यंत्राचा यात दोष नाही; त्याच्यापुढे जे ठेवले नाही ते ते कुठून आणणार?

मराठी मजकुराची गोष्ट आणखी बिकट. 'वऱ्हाड' हाच शब्द घ्या. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकदा ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन, एकदा साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. तिसरा प्रकार वाचकांनी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर पाहिलाच असेल: 'व-हाड', 'शेतक-यांना'. जुन्या फॉन्टमधून रूपांतर होताना तुटलेली ही अक्षरे. शोधयंत्र त्या आडव्या रेषेवर शब्द तोडते आणि सूचीत 'शेतक' नावाचा कुणी आणि 'यांना' अशी दोन माणसे जन्माला येतात. श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेल्या प्रबंधाच्या पीडीएफची तऱ्हा निराळीच. डोळ्यांना मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरांचे कोड साठवलेले असतात, आणि सूचीत जातो तो निव्वळ कचरा.

शिवाय मराठी शब्द एका रूपात थांबत नाही. खारपाणपट्टा, खारपाणपट्ट्यात, खारपाणपट्ट्यातल्या, खारपाणपट्ट्यामुळे. इंग्रजी शोधयंत्र शेवटचा 'एस' कापून भागवते. ल्युसीन या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मुक्त शोधयंत्रात हिंदीसाठी मूळ रूप काढायची सोय आहे, पण आपल्या सामान्यरूपाला आणि त्यावर चढणाऱ्या प्रत्ययांच्या उतरंडीला ती पुरत नाही. त्यासाठी वेगळे नियम लिहावे लागतात. ते लिहिणे शक्य आहे, फक्त विक्रेता ते आपणहून करणार नाही.

या पार्श्वभूमीवर निवडीचा प्रश्न पाहू. एका बाजूला विकतच्या सेवा: तयार सूची, प्रचंड व्याप्ती, दरवर्षीचे शुल्क. यांतल्या काही कंपन्या स्वतःच डेटाबेस विकतात. 'समन' ज्यांच्याकडे होते त्या प्रोक्वेस्टने २०१५ मध्ये 'प्रायमो' ही दुसरी शोधसेवा विकणारी एक्स लिब्रिस घेतली, आणि २०२१ मध्ये प्रोक्वेस्टला क्लॅरिव्हेटने घेतले. माल आणि मालाची यादी एकाच मालकाकडे असली की यादीतला क्रम निःपक्षपाती आहे का, असे विचारणे गैर नाही. अमेरिकेतल्या निसो या मानक संस्थेने २०१४ मध्ये याबद्दल शिफारशी केल्या: कोणत्या प्रकाशकाचे काय, किती खोलवर सूचीत आहे, हे विक्रेत्याने उघड सांगावे. आपल्या निविदेत हे कलम सहज घालता येईल.

दुसऱ्या बाजूला मुक्त सॉफ्टवेअर. न्यूझीलंडच्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेने जानेवारी २००० मध्ये सुरू केलेले 'कोहा' हे ग्रंथालयाचा कारभार चालवणारे सॉफ्टवेअर आज आपल्याकडेही रुळले आहे. शोधाची खिडकी म्हणून अमेरिकेतल्या व्हिलानोव्हा विद्यापीठात तयार झालेले 'व्हूफाइंड' त्यावर बसवता येते. आत ल्युसीनवरच आधारलेले सोलर असते आणि त्यात समानार्थी शब्दांची एक साधी मजकूर फाइल असते. एका ओळीत स्वल्पविराम देऊन 'खारपाणपट्टा, सलाईन ट्रॅक्ट, पूर्णा व्हॅली' असे लिहिले की एक शब्द शोधणाऱ्याला तिन्ही मिळतात. ही फाइल मृदाशास्त्राचे एक प्राध्यापक आणि ग्रंथालयातला एक जाणता कर्मचारी मिळून भरू शकतात. उणीव अशी की जगभरच्या नियतकालिकांची तयार सूची यासोबत येत नाही, आणि सर्व्हर सांभाळायला कायमचा माणूस लागतो. कंत्राटावरचा तंत्रज्ञ सोडून गेला की मुक्त सॉफ्टवेअर फार लवकर अनाथ होते.

माझा कल दोन्हींच्या जोडीकडे आहे: परदेशी नियतकालिकांसाठी परवडेल ती तयार सेवा, आणि वऱ्हाडातल्या प्रबंध, अहवाल, मराठी मासिकांसाठी आपल्या हातातली, आपल्या शब्दांची सूची; पडद्यावर दोन्हींची उत्तरे शेजारी शेजारी. एकाच रांगेत मिसळली तर स्थानिक नोंदी तळाला जातील.

ही सगळी यातायात सोडून गूगल स्कॉलर वापरा, असेही कुणी म्हणेल. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्वतः बांधलेले 'ओमेगा' हे शोधयंत्र २०१३ च्या सुमारास बंद केले, कारण वाचक तसेही बाहेरूनच शोधत होते. त्यांचे गणित बरोबर होते: त्यांच्या वाचकाला लागणारे बहुतेक सारे बाहेर सापडत होते. अकोल्याच्या कपाटातल्या टंकलिखित प्रबंधाचे तसे नाही. ज्याची नीट नोंद कुणीच केलेली नाही, ते गूगललाही दिसणार नाही.

कोणतीही प्रणाली घेण्याआधी तिची परीक्षा कशी घ्यावी, याचा नमुना जुना आहे. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डला सिरिल क्लेव्हरडन यांनी १४०० शोधनिबंध आणि २२५ प्रश्न घेतले, कोणत्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या निबंधांत आहे हे माणसांकडून आधी ठरवून घेतले, आणि मग प्रणालींना गुण दिले. गुण दोन बाबींसाठी: आणलेल्यातले किती उपयोगी, आणि उपयोगी असलेल्यातले किती आणले. आपल्याकडे प्रात्यक्षिकाला विक्रेता 'क्लायमेट चेंज' टाकून दाखवतो आणि समिती माना डोलावते. तो शब्द कुठल्याही यंत्रात चालतो. त्याऐवजी तीस-चाळीस प्रश्न आपले असावेत. वऱ्हाड, तिन्ही प्रकारांनी लिहिलेला. 'डिंक्या' टाकल्यावर संत्र्याच्या झाडावरचे फायटोप्थोरा येते का? 'गुलाबी बोंडअळी' टाकल्यावर पेक्टिनोफोरा, आणि जुन्या लेखांत तिचे नाव प्लॅटिएड्रा होते म्हणून तेही? अंबिया बहाराची इंग्रजी स्पेलिंगे जितक्या प्राध्यापकांची तितक्या प्रकारची आहेत; त्यांतली किती जुळतात? ब्रिटिशांच्या गॅझेटिअरमधली 'अम्राओती' आणि 'बेरार' आजच्या नावांना जोडली जातात का? पहिल्या दहा उत्तरांत उपयोगाची किती, हे विषयातल्या माणसांनी मोजावे, ग्रंथालय समितीने नव्हे.

आणि ही परीक्षा होण्याआधी, पैसे मंजूर होण्याचीही वाट न बघता, एक काम सुरू करता येते: जुन्या प्रबंधांची सारांशाची पाने स्कॅन करणे. टेसरॅक्ट हे फुकट सॉफ्टवेअर इंग्रजी आणि मराठी दोन्ही छपाई वाचते. ते वाचताना चुका करते, म्हणून कुणीतरी शेजारी बसून तपासायचे आणि प्रत्येक नोंदीत चार-पाच विषयशब्द दोन्ही भाषांत घालायचे. वऱ्हाडातल्या महाविद्यालयांत ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर म्हणून कुठे सोल आहे, कुठे लिबमॅन, कुठे कोहा. नोंदी युनिकोडमध्ये आणि मार्क या सर्वमान्य साच्यात असल्या तर त्या उद्या कुठेही नेता येतात. म्हणून खरेदीच्या करारात किमतीच्या रकान्याइतकेच लक्ष एका कलमाकडे द्यावे: करार संपेल त्या दिवशी ग्रंथालयाच्या सगळ्या नोंदी, समानार्थी शब्दांच्या फाइलसकट, विक्रेत्याने विनाशुल्क परत द्यायच्या.