नव्या बाटलीत जुनी दारू, पण खरोखरची!

जुनीच योजना नव्या नावानं आली की आपण म्हणतो, नव्या बाटलीत जुनी दारू. पण कुणावर खरंच ओतायची वेळ आली तर?

शिंदखेड्यातल्या एका शोकेसमध्ये, चांदीचा मुलामा दिलेला गणपती आणि लेकीची ट्रॉफी यांच्या मागे, कट-ग्लासचा एक जाडजूड डिकँटर उभा आहे. तळाशी चार बोटं व्हिस्की. घरमालक भाऊ अभिमानानं सांगतात, ‘वीस वर्षं झाली, आता केवढी मुरली असेल!’

भाऊ, मुरतं ते लोणचं. व्हिस्की मुरते लाकडी पिंपात. काचेत शिरली की तिचं वय थांबलं. बारा वर्षांची बाटली कपाटात आणखी पन्नास वर्षं ठेवा, ती बाराचीच. पिंपात मात्र ती उडतेही. स्कॉटलंडात वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते, त्याला तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. बेंगळुरूच्या उन्हात हाच वाटा १०-१२ टक्क्यांवर जातो. आपल्या मे महिन्यात देवदूत पिंपासकट नेतील.

डिकँटरमध्ये मुरणं राहिलंच, ती कळकते म्हणा. पितळेच्या भांड्यात ताकाचं काय होतं ते आजीला विचारा. कल्हईवाला उगाच नव्हता येत. जुना कट-ग्लास जड लागतो, टिचकी मारली की घंटेसारखा वाजतो, ते बहुतेकदा शिशामुळे. ही काच इंग्लंडात जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टनं १६७० च्या दशकात आणली. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक प्रयोग छापून आला. लिटरमागे ८९ मायक्रोग्रॅम शिसं असलेली पोर्ट वाइन अशा डिकँटरांत चार महिने ठेवली, तर शिसं काही हजारांवर गेलं. दीर्घकाळ ठेवलेल्या मद्यात ते २० हजारांवरही सापडलं. चवीला पत्ता लागत नाही, हीच पंचाईत. पाहुण्यांसमोर ओतून त्याच रात्री संपवायला डिकँटर झकास, साठवायला नाही. आणि वीस वर्षांची ती चार बोटं नव्या बाटलीत ओतून उपयोग शून्य, शिसंही सोबतच येणार. तिची जागा मोरी.

ओतायची ती मूळ बाटलीतली, अर्ध्यावर आलेली. रिकाम्या जागेतल्या हवेनं वास मंदावतो, म्हणून छोट्या, कोरड्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरायची. किंवा त्याच बाटलीत धुतलेल्या काचेच्या गोट्या टाका. तहानलेल्या कावळ्याचं डोकं, दुसरं काय! बाटली उभीच ठेवा; आडवी ठेवली तर कडक दारू बुचालाच खाते. जुनं बूच मोडून आत पडलं तर नरसाळ्यात मलमलचा तुकडा धरून गाळायची.

सगळ्यात नाजूक ओतणं ध्रुवप्रवासी शॅकल्टनच्या व्हिस्कीचं. अंटार्क्टिकातल्या त्याच्या झोपडीखाली बर्फात शंभर वर्षं अडकलेल्या पेट्या २०१० मध्ये बाहेर काढल्या. त्यातल्या तीन बाटल्या स्कॉटलंडला गेल्या त्या विजय मल्ल्यांच्या खासगी विमानातून! तिथं बूच न उघडता त्यातून सुई घालून नमुना ओढला, त्यावरून नवी व्हिस्की जुळवली, आणि जुन्या बाटल्या परत बर्फात पाठवल्या.

अरे हो, १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. शोकेसमधल्या चार बोटांनाही.

भाऊंच्या डिकँटरमध्ये आता मनी प्लांट आहे. छान वाढलाय.