पाळक येत नाहीत त्या रविवारी

सुरत म्हटले की आपल्याकडच्या घरांत पहिल्यांदा साड्या आठवतात. मग शाळेच्या पुस्तकातल्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या. कुणी खवय्या असेल तर ‘सुरतचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण सांगतो. माझ्या मनात मात्र गेल्या हिवाळ्यापासून सुरत म्हटले की एक वही येते. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, कडेला तेलाचे बोट लागलेली.

आतेबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी सुरतला जाणे झाले. बहीण उधन्याला राहते. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून कामाला आलेली माणसे इतकी आहेत की भाजीवाल्याशीही मराठीत भाव करता येतो. बहिणीच्या शेजारी नंदुरबारकडचे एक ख्रिस्ती कुटुंब आहे. घरधन्यांना सगळी चाळ ‘भाऊ’ म्हणते. ते कापड रंगवण्याच्या मिलमध्ये कामाला आहेत. रविवारी संध्याकाळी त्यांच्या दोन खोल्यांत दहा-बारा घरची माणसे उपासनेला जमतात. “ताई, चल. ऐकायला तरी,” बहीण म्हणाली. दिवाळीचा फराळ आणि नाताळच्या करंज्या यांची देवघेव असलेले शेजार, त्यामुळे मलाही संकोच वाटला नाही.

भाऊंनी वही उघडली आणि भजन सुरू केले. शब्द गुजराती, चालही तिकडचीच. मी सहज डोकावून पाहिले तर अक्षर देवनागरी! उपासना संपल्यावर विचारले, तेव्हा ते हसले. “मॅडम, मंडळीचं भजनाचं पुस्तक गुजरातीत आहे. आमच्या हिला गुजराती बोलता येतं, वाचता येत नाही. मिलमधल्या निम्म्या लोकांचं तसंच. म्हणून सगळं आपल्या अक्षरात उतरवून काढलं.”

मला एकदम माझी आजी आठवली. तिचे माहेर धारवाडकडचे, सासर बेळगावचे. कन्नड देवरनामे ती मराठी अक्षरांत लिहून ठेवायची, कारण शाळा मराठीत झाली होती आणि गाणी मात्र आईकडून कन्नडमध्ये आली होती. तुमच्यापैकी कितीतरी घरांतल्या ट्रंकेत अशी एखादी वही असेल. भाषा एक आणि अक्षर दुसरे, ही सीमेवरच्या माणसांची जुनी तडजोड आहे. सुरतेतल्या चाळीत ती भेटेल असे मात्र वाटले नव्हते.

ऐनवेळी उभे राहणारा माणूस

या मंडळीला पाळक आहेत, पण त्यांच्याकडे अनेक ठिकाणे आहेत. महिन्यातून एखादा रविवार ते येतात. बाकीचे रविवार भाऊच सांभाळतात. हे कसे सुरू झाले, ते त्यांनी चहा घेता घेता सांगितले.

काही वर्षांपूर्वी मंडळीतल्या एका कामगाराची आई वारली. पाळक दूरच्या गावी होते, पोचायला रात्र झाली असती. माती द्यायला थांबणे शक्य नव्हते. सगळ्यांनी भाऊंकडे पाहिले. “पुस्तक हातात होतं, पण कुठलं पान उघडायचं ते ठाऊक नव्हतं. कसंबसं एक स्तोत्र वाचलं. ज्याची आई गेली तो माझ्याकडे बघत होता, आणि मला त्याला एक शब्द धड सांगता आला नाही. त्या रात्री झोप आली नाही. देवाचं नाव घ्यायलाही शिकावं लागतं, हे तेव्हा कळलं.”

त्यानंतर पाळकांनी त्यांना घरबसल्या करायच्या एका अभ्यासक्रमाला घातले. पातळ पुस्तिका, रोज थोडा भाग वाचायचा, प्रश्नांची उत्तरे लिहायची आणि ठरलेल्या दिवशी चार-पाच जणांनी शिकवणाऱ्याबरोबर बसून त्यावर बोलायचे. नोकरी सोडायची नाही, गाव सोडायचे नाही. ही पद्धत १९६३ साली ग्वाटेमाला देशातल्या एका सेमिनरीने सुरू केली. तिथल्या डोंगरातले शेतकरी शहरात येऊन वर्षानुवर्षे शिकू शकत नव्हते, म्हणून सेमिनरीच त्यांच्या गावापर्यंत गेली. आपल्याकडे याच कामासाठी १९७१ पासून बंगळूरची ‘टॅफ्टी’ ही संस्था उभी आहे. ज्यांना पुढे पदवीची परीक्षा द्यायची आहे त्यांच्यासाठी सेरामपूरच्या सिनेटनेही बाहेरून शिकण्याची सोय ठेवली आहे.

भाऊ दुसऱ्या पाळीवरून आल्यावर रात्री अभ्यास करत. “दोन वर्षं लागली. पण आता कुणी गेलं, कुणाचं बाळ झालं, कुणाचं घर झालं, तर काय वाचायचं आणि काय बोलायचं ते कळतं. काय बोलू नये तेही कळतं,” ते म्हणाले. शेवटचे वाक्य मला फार आवडले. शिकण्याचा अर्धा उपयोग तोच असतो.

बेळगावहून सुरतेला

मी कॉलेजात इतिहास शिकवते. भाऊंच्या वहीतली जुनी गुजराती भजने पाहताना एक नाव मनात घोळू लागले. सुरतेत लंडन मिशनचे स्किनर आणि फायवी हे दोघे १८१५ साली आले. त्यांनी गुजराती शिकून बायबलचे भाषांतर केले आणि १८२० च्या दशकात ते सुरतेच्याच छापखान्यात छापले. १८४६-४७ च्या सुमारास हे काम आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. पुढे त्यांच्या सुरतेच्या मिशन प्रेसचे नाव कितीतरी गुजराती पुस्तकांच्या पहिल्या पानावर आले.

या मंडळींत एक होता जोसेफ व्हॅन सोमरन टेलर. जन्म १८२० चा, बळ्ळारीचा. त्याचे वडील, तेही जोसेफ टेलर, म्हणजे १८२० साली बेळगावात लंडन मिशनचे काम सुरू करणारे गृहस्थ. त्याच मिशनच्या बेळगावच्या शाळेत पुढे बाबा पदमनजी शिकले. १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी बेळगावचे, हे आपल्याला अभिमानाने ठाऊक असते. पण त्या मिशनच्या संस्थापकाचा मुलगा गुजरातेत गेला, १८६७ साली त्याने गुजरातीचे सविस्तर व्याकरण लिहिले आणि गुजराती लोक त्याला आपल्या व्याकरणाचा जनक म्हणतात, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या गावी नसते. लहानपणी कन्नड आणि मराठी कानावर पडल्यामुळे तिसरी भाषा आपलीशी करणे त्याला सोपे गेले असेल का? हा नुसता माझा तर्क.

टेलरने व्याकरणाबरोबर ‘काव्यार्पण’ हा भजनांचा संग्रहही केला. विद्वान माणूस व्याकरण लिहितो यात नवल नाही. पण मंडळीतल्या माणसाला गाता येईल असे काही हातात द्यावे, हेही त्याला तितकेच महत्त्वाचे वाटले. व्याकरण कपाटात राहते, भजन तोंडात राहते. भाऊंच्या वहीची परंपरा तिथवर मागे जाते.

सेमिनरी आणि छापखाना

धर्मशिक्षणाचे कॉलेज म्हणजे पाळक तयार करण्याचा कारखाना, एवढीच आपली समजूत असते. इतिहास वेगळे सांगतो. भारतातल्या प्रोटेस्टंटांमध्ये हे काम सर्वांत आधी लुथरन मंडळींनी केले. त्सीगेनबाल्ग १७०६ साली तरंगंबाडीला उतरला. १७१५ पर्यंत तमिळ नवा करार छापून झाला आणि १७१६ मध्ये स्थानिक शिक्षक व उपदेशक तयार करण्यासाठी सेमिनरी निघाली. आधी भाषा, मग छापखाना, मग शाळा. याच परंपरेतला श्वार्त्झ हा तंजावरच्या सरफोजीराजांचा शिक्षक. सरफोजी भोसले आयुष्यभर हिंदूच राहिले, पण पुस्तकांचा आणि शाळांचा नाद त्यांनी घेतला. १८०६ साली तंजावरात त्यांच्या छापखान्यातून इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक निघाले. दिलेले ज्ञान नेमके कुठे उगवेल, हे देणाऱ्याला ठरवता येत नाही.

आपल्या अंगणातले उदाहरण मंगळूरचे. बासेल मिशनमध्ये लुथरन आणि रिफॉर्म्ड असे दोन्ही प्रवाह होते. त्यांनी १८४१ मध्ये मंगळूरला छापखाना काढला. १८४३ मध्ये मोग्लिंगने ‘मंगळूर समाचार’ हे पहिले कन्नड वृत्तपत्र काढले आणि १८४७ मध्ये बलमठ्ठाला सेमिनरी सुरू झाली. तीच १९६५ पासून कर्नाटक थिऑलॉजिकल कॉलेज म्हणून ओळखली जाते. किट्टेलचा कन्नड शब्दकोश १८९४ साली मंगळूरलाच निघाला. त्यात कन्नड शब्दाला मराठीत सोयरा सापडला तिथे किट्टेलने तशी नोंद केली आहे. आपल्या दोन भाषांचे नाते एका जर्मन माणसाने असे शब्दागणिक नोंदवून ठेवले. आणि सेरामपूरच्या कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ चे, तर कन्नड व्याकरण १८१७ चे, हेही आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

सांगायचा मुद्दा असा की कॉलेज मंडळीला काय देते, हे तिथून किती पदवीधर बाहेर पडले यावरून ठरत नाही. दूरच्या वस्तीत, पाळक नसलेल्या रविवारी, साध्या माणसाच्या हातात काय असते, यावरून ते ठरते. समजेल असे पुस्तक, गाता येईल असे भजन, अडल्यावर विचारायला कुणीतरी आणि उभे राहण्याचे धैर्य.

अडचण भाषेचीच

आणि इथेच अडते. वरच्या पदवीचे, म्हणजे बी. डी. चे, शिक्षण देशात बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून होते. संदर्भग्रंथ इंग्रजीत, टिपणे इंग्रजीत, प्रबंध इंग्रजीत. शिकून आलेला तरुण पाळक मंडळीसमोर उभा राहतो तेव्हा त्याला सगळे मनातल्या मनात मराठीत, गुजरातीत किंवा कन्नडमध्ये आणावे लागते. चांगला पाळक ते करतो. पण तेवढा वेळ आणि तेवढी भाषा प्रत्येकाकडे असतेच असे नाही.

मी त्यांना नावे ठेवायला अधिकारी नाही. माझे स्वतःचे वर्ग असेच चालतात. इंग्रजी पुस्तकातून टिपणे काढायची आणि फळ्यासमोर उभे राहून अर्धे मराठीत, अर्धे कन्नडमध्ये सांगायचे. एकदा खानापूरकडची एक मुलगी वर्ग संपल्यावर म्हणाली, “मॅडम, तुम्ही सांगता ते समजतं, पण घरी गेल्यावर वाचायला काहीच नसतं.” वीस वर्षे शिकवते आहे, पण तिच्यासाठी चार पानांचे टिपण तिच्या भाषेत मी कधी लिहिले नव्हते. भाऊंच्या पुस्तिका पाहताना मला त्या मुलीची आठवण झाली आणि थोडी लाजही वाटली.

भाऊंची अडचण आणखी पुढची आहे. त्यांची मुलगी इंग्रजी शाळेत जाते. गुजराती अडखळत वाचते, मराठी त्याहून अडखळत. भजने तिला पाठ आहेत, पण ती मोबाईलमध्ये इंग्रजी अक्षरांत लिहून घेते. “माझ्यानंतर ही वही कोण वाचणार?” भाऊंनी विचारले. त्यांनी ते तक्रारीच्या सुरात विचारले नाही, हिशेब मांडावा तसे विचारले. मला उत्तर देता आले नाही. हाच प्रश्न आपल्या घरांत आजीच्या वहीबद्दल आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. मराठीत ज्याला मंडळी आणि पाळक म्हणतात, त्याला गुजरातीतही मंडळी आणि पाळकच म्हणतात. कन्नडमध्ये ‘सभे’ आणि ‘सभापालक’. शब्दांनी सीमा ओलांडलेलीच आहे. पुस्तकांनी आणि शिकवणाऱ्यांनी ती ओलांडायची राहिली आहे. ज्या कॉलेजांनी एकेकाळी व्याकरण, कोश आणि छापखाना उभा केला, त्यांना दोन लिप्यांत छापलेले एक भजनाचे पुस्तक काढणे अवघड जाऊ नये. आणि माझ्यासारखीला चार पानांचे टिपण लिहिणेही.

निघायच्या दिवशी सकाळी भाऊंच्या घरी निरोप घ्यायला गेले. मुलगी दप्तर भरत होती. भाऊ तिला म्हणाले, “मॅडमना दाखव.” तिने वहीचे शेवटचे पान उघडले. वडिलांच्या देवनागरी ओळीखाली तिने तीच ओळ गुजराती अक्षरांत लिहायला घेतली होती. दोन अक्षरे चुकली होती. भाऊंनी ती खोडली नव्हती, शेजारी बारीक पेन्सिलीने बरोबर अक्षर काढून ठेवले होते.

बेळगावला परतल्यावर खानापूरच्या त्या मुलीच्या वर्गासाठी पहिले टिपण मराठीत लिहिले. कन्नडचे अजून चालू आहे. माझे कन्नड लिखाण कच्चे आहे, म्हणून ते आधी वर्गातल्याच एका विद्यार्थ्याकडून तपासून घेते. तोही पेन्सिलच वापरतो.