सही कोणाची?

आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ पाहायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून फिलाडेल्फियाला आल्या, तेव्हा मुक्काम थोड्या दिवसांचाच ठरला होता. ११ मार्च १८८६ रोजी समारंभ झाला आणि पाहुणीचा पाय काही निघेना. पुढची अडीच वर्षे त्या अमेरिकेत राहिल्या. गावोगाव व्याख्याने दिली, बालवाडीच्या शिक्षणाची फ्रोबेल पद्धत शिकून घेतली, शाळा पाहिल्या, आणि बायकांच्या संस्था आतून कशा चालतात हे जवळून न्याहाळले. परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहिले. त्यात स्त्रियांच्या स्थितीवर भलेमोठे प्रकरण आहे आणि उद्योग-व्यापारावरही. बाईने उद्योग आणि संस्था कशी उभी करावी, याचा परदेशात जाऊन केलेला अभ्यासदौरा मराठीत शोधायचा तर माझ्या मते पहिला मान या पुस्तकाला द्यावा लागेल.

रमाबाईंनी तिथे काय पाहिले असेल, याचा एक नमुना सांगतो. दारूबंदीसाठी लढणाऱ्या फ्रान्सिस विलर्ड यांच्या महिला संघटनेशी त्यांचे घनिष्ठ संबंध होते. या संघटनेतल्या बायकांनी १८८० मध्ये शिकागोत स्वतःची प्रकाशन कंपनी काढली होती. शेअर भांडवलावर चालणारी रीतसर कंपनी, आणि भागधारक फक्त स्त्रिया. मटिल्डा कार्स ही त्यामागची मुख्य कर्तबगार बाई. साप्ताहिक, पत्रके, पुस्तके सगळे तिथून निघायचे. ही मंडळी सभा भरवून घरी जाणारी नव्हती. त्यांच्याकडे हिशेबाच्या वह्या होत्या.

रमाबाईंचे स्वतःचे व्यवहारही बघण्यासारखे आहेत. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी १८८७ मध्ये इंग्रजीत पुस्तक काढले, हजारो प्रती खपल्या आणि तो पैसा पुढच्या कामाला आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. भारतात विधवांसाठी काढायच्या शाळेला दहा वर्षे मदत करू, असे या मंडळींनी कबूल केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. तारीख आनंदीबाईंच्या पदवीदानाचीच, वर्षे तीन उलटलेली.

इथे धंद्याची खरी अक्कल दिसते. दहा वर्षांची मदत म्हणजे अकराव्या वर्षी काय, हा प्रश्न रमाबाईंनी वेळेवर स्वतःला विचारला. संस्थेला स्वतःचे उत्पन्न हवे म्हणून पुण्याजवळ केडगावला फळबागेसाठी जमीन घेतली. तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना शेकड्यांनी घेऊन आल्या. मध्य प्रांताची राजधानी म्हणजे आपले नागपूर; केडगावला पुढे उभ्या राहिलेल्या मुक्ती मिशनच्या गोष्टीत हा मुलूख असा पहिल्यापासूनच आहे. फळबागेच्या जमिनीवर वस्ती उभी राहिली. विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभते, शेती आणि छापखाना, सगळे बायकाच चालवीत.

छापखान्याचे काम डोळ्यांसमोर आणून बघा. मराठीचे खिळे म्हणजे इंग्रजीसारखा सव्वीस अक्षरांचा मामला नव्हे. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे मिळून शेकडो घरांची केस समोर असते. अक्षर उलटे दिसते, ओळ उलटी जुळवायची, मग फर्मा बांधायचा, प्रूफ काढायचे, चुकलेला खिळा चिमट्याने उपसायचा. ज्या मुलींना आल्या तेव्हा वाचताही येत नव्हते, अशांपैकी काही इथे जुळणीला बसल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण झाला. मालकीण गेल्यावरही कारखाना थांबला नाही, हे मी नेतृत्वाचे लक्षण मानतो. पुतळ्यापेक्षा कितीतरी पक्के.

आता रमाबाईंच्या अमेरिका प्रवासापासून सुमारे १४० वर्षे पुढे या. व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलामुलींचा परदेशी अभ्यासदौरा आज नवलाचा राहिलेला नाही. नागपुरात २०१५ मध्ये आयआयएम आली, २०२२ मध्ये तिचे मिहानमधले आवार सुरू झाले. बाकीची महाविद्यालये आहेतच. महिला नेतृत्व हा अशा दौऱ्यांचा आवडता विषय. चकचकीत कार्यालयात एका यशस्वी बाईंचे भाषण होते, चार प्रश्न विचारले जातात, गटाचा फोटो निघतो, संध्याकाळी बाजारहाट. मुले परत येतात ती ‘आत्मविश्वास’, ‘चिकाटी’ असले शब्द घेऊन. त्यासाठी विमानाचे तिकीट कशाला? आपल्या आज्या हेच फुकटात सांगत होत्या.

विचारायचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या देशात कर्जाच्या कागदावर सही कोणाची चालते? अमेरिकेचेच घ्या. स्त्रीला केवळ स्त्री म्हणून कर्ज नाकारायला बंदी करणारा कायदा तिथे १९७४ मध्ये झाला. तरीही धंद्यासाठी कर्ज मागणाऱ्या बाईला काही राज्यांत नवऱ्याची, बापाची किंवा भावाची सही आणावी लागे. ती अट १९८८ च्या महिला व्यवसाय मालकी कायद्याने गेली. माणूस चंद्रावर जाऊन तोवर १९ वर्षे झाली होती. म्हणजे आज अमेरिकेत जी साठीची उद्योजिका विद्यार्थ्यांसमोर भाषण करते, तिच्या तरुणपणी हे घडत होते. भाषणातल्या चिकाटीपेक्षा तिला पहिले कर्ज कसे मिळाले, हे विचारणे जास्त कामाचे.

नॉर्वेने दुसऱ्या टोकाने हात घातला. सार्वजनिक कंपन्यांच्या संचालक मंडळात किमान ४० टक्के स्त्रिया हव्यात, असा कायदा २००३ मध्ये केला आणि २००८ पासून न पाळणाऱ्या कंपनीला थेट टाळे लावण्याची तरतूद ठेवली. कंपन्यांनी तो पाळला. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांना किमान एक महिला संचालक सक्तीची केली. मग पुष्कळ उद्योगपतींना अचानक आपल्या पत्नीच्या, मुलीच्या, वहिनीच्या अंगचे गुण दिसू लागले. गॅस एजन्सी बायकोच्या नावावर, काउंटरवर नवरा, हे दृश्य नागपूरकराला कोणी समजावून सांगायला नको.

विद्यार्थ्यांची वाहतूक एकतर्फीही नाही. परदेशातले विद्यार्थी साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला येतात. चेतना गाला सिन्हा यांची माणदेशी महिला बँक तिथे आहे. कांताबाई नावाची उघड्यावर संसार मांडलेली, लोखंडाचे काम करणारी बाई पावसाळ्याआधी झोपडीवर प्लास्टिक टाकता यावे म्हणून पैसे साठवू बघत होती. रक्कम इतकी किरकोळ की कुठली बँक खाते उघडेना. म्हणून बायकांनी स्वतःचीच बँक काढायची ठरवली. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. प्रवर्तक बायका निरक्षर, कागदावर अंगठे. मग त्या बायका अक्षरे गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, वाचता येत नसेल, पण मोजता येते. व्याज काढायला सांगा, आणि तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय तेच काढायला सांगा. १९९७ मध्ये परवाना मिळाला.

त्यापुढची गोष्ट मला जास्त आवडते. बँकेचे व्यवहार डिजिटल करायची वेळ आली तेव्हा पिन नंबर नको, असे बायकांनीच सांगितले. नंबर दुसऱ्याच्या हाती पडला की पैसे गेले. अंगठा कोण पळवून नेणार? ज्या अंगठ्यामुळे परवाना अडला, तोच आता तिजोरीची किल्ली म्हणून त्यांनी मागून घेतला. बँकिंगच्या कुठल्याही सल्लागाराला हे आधी सुचायला हवे होते.

लिज्जत पापडचे नाव या यादीत येतेच, म्हणून थोडक्यात. १५ मार्च १९५९, गिरगावातली गच्ची, सात जणी आणि उसने घेतलेले ८० रुपये. पीठ शाखेत मळले जाते, भगिनी घरी नेऊन लाटतात, वाळवतात, परत आणून देतात आणि मजुरी घेतात. नफातोट्यात सगळ्यांचा वाटा. इथे आदर्श वगैरे बाजूला ठेवून पापडाची जाडी कशी एकसारखी राखतात, ते बघावे. हजारो घरांत लाटलेला माल एकाच चवीचा ठेवणे, हा व्यवस्थापनाचा अवघड धडा आहे.

आणि नागपूर? सीताबर्डीवर रोज हजारो माणसे मातृसेवा संघावरून जातात. कमलाताई होस्पेट या तरुण विधवेने परिचारिकेचे शिक्षण घेऊन वेणूताई नेने यांच्या साथीने १९२१ मध्ये ही संस्था सुरू केली. लहानशा प्रसूतिगृहातून शाखा वाढत गेल्या. इमारती, नोकरवर्ग, औषधे, देणग्या, उधारी, सगळे सांभाळायचे. रात्री-अपरात्री बाळंतपणे वेगळीच. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उद्योगाच्या पुस्तकांत मात्र त्या सापडत नाहीत. समाजसेवेच्या कप्प्यात टाकले की बाईच्या हिशेबाकडे कोणी बघत नाही.

१९४२ च्या जुलैत याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुमारे २५ हजार स्त्रिया आल्या होत्या, अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी हे ठराव झालेच. शिवाय गिरण्यांत, विडी कारखान्यांत, नगरपालिकेत आणि रेल्वेत राबणाऱ्या बायकांना भरपगारी रजा, इजेची भरपाई आणि पेन्शन मिळावी, अशीही मागणी झाली. महिला दिनाच्या कार्यक्रमांत आज मांडले जाणारे अर्धेअधिक मुद्दे त्या मांडवात होऊन गेले. नागपुरात व्यवस्थापन शिकणाऱ्या किती जणांना ही परिषद ठाऊक असेल, शंकाच आहे.

विदर्भातलेच आणखी एक नाव, कल्पना सरोज. अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेड्याची, पोलीस हवालदाराची मुलगी. बाराव्या वर्षी लग्न, सासरचा छळ, माहेरी परत, मग मुंबईत शिवणकाम. सरकारी योजनेतून ५० हजारांचे कर्ज घेऊन फर्निचरचा धंदा उभा केला. कमानी ट्यूब्ज ही कंपनी तेव्हा डबघाईला आली होती. न्यायालयाच्या आदेशाने मालकी कामगारांकडे आली, तरी कर्ज आणि खटले काही सुटेनात. कामगारच सरोज यांच्याकडे आले. २००० मध्ये त्या अध्यक्ष झाल्या, २००६ मध्ये मालक, आणि २०१३ मध्ये पद्मश्री. बँकांशी बसून दंडव्याज कसे माफ करून घेतले, कामगारांची थकबाकी कोणत्या क्रमाने दिली, यावर एक अख्खे सत्र होऊ शकेल. त्यासाठी व्हिसा लागत नाही. नागपूरहून मुंबईची गाडी रात्री सुटते आणि सकाळी पोहोचते.