ठोकळ्याची साक्ष

नव्या इमारतीचा खांब बाहेरून गुळगुळीत व भक्कम दिसतो. पण माल सहज पसरावा म्हणून काँक्रीटमध्ये जादा पाणी घातले असेल, तर ते डोळ्यांना दिसत नाही. हे पाणी पुढे सुकते, त्याच्या जागी सूक्ष्म छिद्रे राहतात आणि खांबाची ताकद घटते.

म्हणून त्याच काँक्रीटचे १५ सेंटिमीटर बाजूचे ठोकळे भरतात, पाण्यात ठेवतात आणि २८ व्या दिवशी दाबयंत्रात फोडून पाहतात. ‘एम-२०’ प्रतीच्या ठोकळ्याने सुमारे ४६ टन भार पेलावा, अशी अपेक्षा असते.

मात्र हे ठोकळे भरायचे कोणी? कंत्राटदारानेच भरले, तर त्यांच्यापुरता चांगला माल कालवण्याचा मोह होऊ शकतो. आपली उत्तरपत्रिका आपणच तपासावी, तसा हा प्रकार! म्हणून मिक्सरच्या कोणत्या खेपेतून नमुना घ्यायचा, हे ऐनवेळी ठरवणारा तपासनीस बाहेरचा हवा. काम स्वस्तात किंवा लवकर उरकण्यात त्याचा फायदा नसावा.

असा तटस्थ डोळा नसेल तर काय होते? दक्षिण कोरियातील सोल शहरात सांपूंग या दुकान-संकुलाच्या मालकाला आराखड्यात धोक्याचे बदल हवे होते. कंत्राटदाराने ते नाकारले, तेव्हा मालकाने स्वतःच्याच कंपनीकडून काम पुरे करून घेतले. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी लाच घेतली होती. २९ जून १९९५ रोजी ती इमारत कोसळून ५०२ माणसे दगावली.

तुमच्या शाळेची नवी इमारत उभी राहत असेल, तर जरूर विचारा : ठोकळे कोणी भरले आणि कोणी तपासले?