कृष्णाकांठचीं देवळें

यात्रेची गोष्ट निघाली कीं घरांतील वडील मंडळी काशी-रामेश्वराचें नांव घेतात आणि तरुण मंडळी थंड हवेचीं ठिकाणें शोधूं लागतात. आमच्या मतें दोघांचेंही समाधान करणारी वाट घराजवळच आहे. ती म्हणजे वाईपासून सांगलीपर्यंतचा कृष्णाकांठ.

पहिला मुक्काम वाईस करावा. तेथील ढोल्या गणपतीचें देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधविलें. भव्य मूर्ति पाहून मुलें थक्क होतातच. पण दर्शन झाल्यावर त्यांस देवळाच्या पाठीमागें अवश्य न्यावें. मागील भिंत सपाट नसून माशाप्रमाणें निमुळती आहे. पुराचा लोंढा तिच्या टोकावर आदळून दुभंगतो व दोन्ही अंगांनीं निघून जातो. नदीशीं न भांडतां तिला वाट करून द्यावी, ही त्या बांधणाऱ्यांची दृष्टि!

जवळच मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा व घाट आहे. घाटावर टांगलेल्या मोठ्या घंटेवर मेरी व बाळ येशू यांची आकृति असून १७०७ हें साल आहे. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या ज्या घंटा देशावर आल्या, त्यांपैकीं ही एक, असें सांगतात. समुद्रकांठच्या बंदरांतील घंटा शिवालयापाशीं कशी आली, हें मुलांस येथेंच उभें करून सांगावें. पुस्तकांतील धडा मग विसरत नाहीं.

साताऱ्यास गेल्यावर कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील माहुली टाळूं नये. रामशास्त्री प्रभुणे यांचें हें गांव. पेशव्यासही दोषी ठरविणाऱ्या न्यायाधीशाचें स्मरण हेंही तीर्थस्नानच होय.

सांगलीचें श्रीगणपतीचें देऊळ चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या काळचें. तें १८४४ सालीं पुरें झालें. दर्शनानंतर हरिपुरास जावें. कृष्णा-वारणेच्या संगमावरील संगमेश्वर तेथें आहे आणि नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्मही तेथलाच. परंतु हरिपुरची खरी नवलाई जमिनीच्या पोटांत होती. येथील मातींत खोल पेवें खणून त्यांत हळद सांठवीत, आणि ती वर्षानुवर्षें टिके. २००५ च्या महापुरांत पेवांत पाणी शिरलें व पुष्कळशीं निकामी झालीं. पुढें २०१९ च्या ऑगस्टांत तर सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर चढलें आणि शहराचा मोठा भाग बुडाला.

येथें वाईची ती निमुळती भिंत पुन्हां आठवते. पूर कांहीं आजचा नव्हे. पूर्वजांनीं तो येणार हें गृहीत धरून दगड रचला. आपण तो येणारच नाहीं असें मानून नदीच्या पात्रालगत घरें उठविलीं. घाटावर निर्माल्य व पिशव्या टाकून आपण परततों, ती भक्ति कसली?

दिवाळीनंतर नदी निवळते. तो काळ प्रवासास उत्तम. तोंवर घाटावरील शेवाळही सुकूं लागतें. तरी वृद्धांनीं पायऱ्या उतरतांना कोणाचा तरी हात धरावा, आणि तो हात नातवंडाचा असावा. आजीनें देवाची गोष्ट सांगावी, नातवानें भिंतीचा आकार दाखवावा. दोघांनींही परततांना नदीकडे एकदां वळून पाहिलें, तर यात्रा सफळ झाली असें आम्ही समजूं.