ऑपरेशन मेंदूचे, प्रश्न रोजीरोटीचा

विंचूरच्या मार्केट यार्डात किंवा एखाद्या कांद्याच्या शेडवर कुणाला अचानक फिट आली, तर लोक धावतात आणि कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरतात. कांद्याच्या गावात कांद्याला काय तोटा? पण फिट कांद्याने थांबत नाही. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय मात्र कांद्याला मिळते. माणूस शुद्धीवर येतो, पाणी पितो आणि पुन्हा लिलावाला उभा राहतो. इथेच घात होतो. मोठ्या वयात पहिल्यांदाच आलेली फिट, सकाळी वाढणारी डोकेदुखी आणि ओकारी, एका बाजूच्या हातापायातली ताकद जाणे, बोलताना शब्द न सुचणे, ही लक्षणे दिसली की डॉक्टर गाठलाच पाहिजे. कारण वेगळेही असू शकते, पण कधी कधी मेंदूत गाठ निघते.

गाठ निघाली की घरात एकच प्रश्न उभा राहतो. ऑपरेशनने जीव वाचेल, पण उजवा हात गेला तर? वाचा गेली तर? हा प्रश्न भित्रेपणाचा नव्हे. लिलाव पुकारणाऱ्याचे भांडवल त्याची जीभ आहे. येवल्याचा पैठणी विणकर, मालेगावचा मागवाला, गॅरेजमधला फिटर यांचे भांडवल त्यांची बोटे आहेत. या भीतीपोटी अनेक जण ऑपरेशन पुढे ढकलतात आणि तोवर गाठ वाढत जाते. म्हणूनच आज ऑपरेशनची आखणी कशी होते, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेणे गरजेचे आहे.

आधी नकाशा, मग हत्यार

पैठणीचा मोर मागावर उतरण्याआधी आलेखाच्या कागदावर उतरतो. मेंदूच्या ऑपरेशनचेही आता तसेच झाले आहे. पूर्वी कवटीच्या आत डोकावण्याचा सोपा मार्गच नव्हता. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. हे यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड गाण्यांच्या रेकॉर्डी काढणाऱ्या ईएमआय कंपनीत इंजिनियर होते! १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे एमआरआय आला आणि चित्र अधिक स्पष्ट झाले.

पण गाठ कुठे आहे एवढे कळून भागत नाही. तिच्या शेजारी कोण राहते, हेही कळावे लागते. उजवा हात हलवणारा भाग डाव्या मेंदूत असतो आणि बहुतेकांची भाषाही डावीकडेच असते. हे शोधण्यासाठी फंक्शनल एमआरआय करतात. रुग्णाला यंत्रात झोपवून बोटे हलवायला किंवा मनात शब्द जुळवायला सांगतात. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त जास्त धावते आणि चित्रात ती जागा उठून दिसते. डीटीआय नावाची दुसरी तपासणी मेंदूतल्या तारा दाखवते. पाणी या तंतूंच्या लांबीच्या दिशेने सहज सरकते, त्यावरून त्यांची वाट काढता येते. इमारतीत छिद्र पाडण्याआधी वायरिंग कुठून गेले आहे हे पाहावे, तसाच हा प्रकार आहे.

हे सर्व पाहून सर्जन कवटी कुठे उघडायची, कोणत्या वाटेने शिरायचे आणि कुठे थांबायचे हे ठरवतो.

नकाशालाही मर्यादा

इथे एक अडचण आहे. कवटी उघडली, आतले पाणी निघाले, की मेंदू थोडा जागचा सरकतो आणि आधी काढलेला नकाशा चुकू लागतो. ऑपरेशन थिएटरमध्येच एमआरआय बसवणे हा यावर उपाय आहे, पण त्याचा खर्च फार मोठा. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राचे न्यूरोसर्जन डॉ. अलीअसगर मोइयादी यांनी तुलनेने स्वस्त अशा सोनोग्राफीचा ऑपरेशन चालू असताना वापर करण्यावर बरेच काम केले असून, २०११ पासून त्यांचे शोधनिबंध प्रसिद्ध आहेत. सोनोग्राफीने त्याच क्षणीचे चित्र मिळते.

शिवाय गाठ हात किंवा वाचेच्या जागेला अगदी खेटून असेल, तर रुग्णाला जागे ठेवूनही ऑपरेशन करतात. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही, कातडी बधिर केलेली असते. रुग्ण बोलत असतो, बोटे हलवत असतो आणि सर्जन सौम्य विजेने एकेक जागा तपासून पुढे सरकतो. स्कॅन आणि ही तपासणी यांत फरक पडला, तर तपासणीचाच कौल मानतात. तरीही धोका शून्य होत नाही, फक्त कमी होतो.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, डॉक्टरांना आपला धंदा स्पष्ट सांगा. कोणत्या हाताने काम करता, कोणत्या भाषांत व्यवहार करता, हेही सांगा. घरी एक भाषा आणि बाजारात दुसरी बोलणाऱ्याच्या दोन्ही भाषा तपासाव्या लागतात.

दुसरी, वेल्डिंग, लेथ किंवा ग्राइंडिंगचे काम करणाऱ्याच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर एमआरआयपूर्वी ते न विसरता सांगा. यंत्राचे चुंबक तो कण हलवू शकते आणि डोळ्याला इजा होऊ शकते. पेसमेकर असेल तर तेही सांगा.

तिसरी, नुसती फिल्म घेऊ नका, स्कॅनची सीडी मागून घ्या आणि खातेवहीसारखी जपा. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेताना पुन्हा स्कॅनचा खर्च बऱ्याचदा वाचतो.

चौथी, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड व आधार घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला भेटा आणि ऑपरेशनबरोबर कोणत्या तपासण्या त्यात बसतात, हे आधीच विचारा.

माल घेताना आपण दहा प्रश्न विचारतो, गोणीत हात घालून कांदा पाहतो. ऑपरेशनच्या कागदावर सही करण्याआधी एवढा एक प्रश्न तरी विचारा: "डॉक्टरसाहेब, माझ्या हाताची आणि वाचेची जागा गाठीपासून किती लांब आहे, ते मला चित्रात दाखवाल का?"